ताई नावाचं फोल्डर

दिवाळीत आमचा कारखाना बंद असतो आणि मी चालू असते. नागापूरच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळते. सुट्टी असली तरी सर्व्हर बंद करून चालत नाही. म्हणजे कुणीतरी दिवसा येऊन एसी, बॅटऱ्या आणि कपाटावरचे दिवे बघून जायला हवं, आणि मी पडले ख्रिस्ती. एवढ्यावर निकाल लागतो. दर वर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, सर्व्हरच्या कपाटाला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ मी हवेच्या जाळीपासून जरा लांब बांधायला लावली, की डिझाइन विभागाचे प्रमुख पेढा हातावर ठेवत म्हणतात, ‘‘मॅडम, तुमची काय दिवाळी नसती. तुमीच बसताय ना?’’

आणि मी दर वर्षी म्हणते, ‘‘बसते की.’’

त्यांच्या मनात वाईट काही नसतं. हिवरे बाजारच्या बाजूचे आहेत, घरी भरपूर माणसं, भरपूर गाई, दिवाळीला त्यांच्या अंगणात चपलांचा ढीग पडतो. आमची दिवाळी नसते हेही खरंच आहे. पण ज्याची दिवाळी नाही त्याला सुट्टीही नको असते, हे त्यांनी कुठून शोधून काढलं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही, कारण घरी ताई असायची.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघींनी लग्न केलं नव्हतं. सावेडीतल्या दोन खोल्यांत एकत्र म्हातारं व्हायचं, असं आमचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं, पण दोघींनी मिळून गुडघ्यांसाठी एकच तेल आणायला सुरुवात केली की त्याला ठरलंच म्हणायचं. ती शाळेत शिकवायची, मी कारखान्यात. रविवारी चर्चमध्ये उपासनेला जायचं आणि गायनमंडळात उभं राहायचं. माझा पहिला आवाज, तिचा दुसरा. पहिला आवाज म्हणजे गाण्याची चाल, जी सगळ्यांना पाठ असते. दुसरा या चालीच्या खालून चालतो, एखाद्या सुरावर उगाच रेंगाळल्यासारखा थांबतो, मध्येच भलतीकडे गेल्यासारखा वाटतो. चाल सोबत असली तरच तो गोड लागतो. ताईला तो नेहमी बरोबर सापडायचा.

निवृत्त झाली त्या वर्षी तिनं लग्न केलं.

मला सांगितलं ते मेथी निवडता निवडता. ‘‘मी लग्न करतेय,’’ म्हणाली, आणि एक पिवळं पान बाजूला टाकलं. मला वाटलं, शाळेतल्या कुणाचं तरी जमवतेय. ‘‘कुणाचं?’’ मी विचारलं. ‘‘माझंच गं,’’ ती म्हणाली. नवरा श्रीरामपूरचा, विधुर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, कोंबड्या पाळणारा. माणूस इतका सज्जन की राग काढायला जागा सापडेना. पाणी दिलं तर थँक्यू, रिकामा पेला उचलला तर थँक्यू, मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले तरी पाठीमागून थँक्यू. त्यांना भाऊजी म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. त्यांच्याबद्दल बोलायची वेळ आली तर मी ‘ते’ म्हणत होते.

लग्नात मी गायले नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता.

जाताना ताईनं फारसं काही नेलं नाही. हार्मोनियम ठेवली, टीव्ही ठेवला, आईचं तांब्याचं घंगाळ ठेवलं. नेला तो छोटा कुकर. मोठा कुकर, जो पाहुणे आल्यावर काढायचा, तो माझ्याकडे ठेवला. आता बघा, तिथं दोन माणसं आणि इथं एक. मग मोठा कुणाकडे जायला हवा? ही साधी गोष्ट इतकी वर्षं गणित शिकवलेल्या बाईला कळू नये? मी त्या मोठ्या कुकरच्या तळाशी मूठभर डाळ लावायची आणि चिडायची. मग एकदाच जास्त लावून पुढचे दिवस तेच वरण गरम करून खायला लागले. मला राग कुकरचा होता, असं मी स्वतःला बजावत होते. संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरलं की घरातली हवा सकाळी सोडली होती तशीच असायची. कुणी खिडकी उघडलेली नसायची, कुणी दिवा लावलेला नसायचा. मला फार एकटं वाटायचं, आणि ते कुणाला सांगायचं म्हटलं तर आयुष्यभर मी असलं सगळं ताईलाच सांगत आले होते.

ती दर रविवारी फोन करायची. मी ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढ्यात आटपायची. पावसाळा संपता संपता तिनं एकदा विचारलं, ‘‘नाताळला येतेस का इकडे? इथल्या गायनमंडळात पहिला आवाज कमी पडतोय. तू आलीस तर ते आपलं नेहमीचं कॅरल बसवू. पाळकांना नाव द्यायचंय, लवकर कळव.’’

‘‘ऑफिसचं बघून सांगते,’’ मी म्हटलं.

ऑफिसचं बघण्यासारखं काही नव्हतं. पण त्या दिवसानंतर मी तिचा फोन उचललाच नाही. उचलला असता तर हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. नाही म्हटलं तर पुन्हा बोलावणार नाही ती, हे मला माहीत होतं. ताई कुठलीही गोष्ट एकदाच विचारते. आणि हो म्हटलं तर त्या माणसाच्या घरी, त्याच्या ताटात जेवून, थँक्यू ऐकत राहावं लागणार. श्रीरामपूर काही परदेश नाही. तारकपूरच्या स्टँडवरून एसटी पकडली की राहुरीत जरा डुलकी लागेपर्यंत येतंच. तेच जास्त लागत होतं मला. एवढ्याशा अंतरासाठी कुणाला दूर गेली म्हणूनही दोष देता येत नाही.

आता सर्व्हरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यानंच केलं.

आमच्या सर्व्हरमध्ये दोन तऱ्हेच्या डिस्क आहेत. थोड्या एसएसडी. त्यांच्यात काही फिरत नाही, काही वाजत नाही, मागितलं की हजर. आणि पुष्कळशा साध्या हार्ड डिस्क, त्यांच्यात तबकड्या फिरतात, एक बारीकसा हात पुढे-मागे होऊन हवं ते शोधतो. त्या स्वस्त आणि ऐसपैस, पण चालीनं सावकाश. सगळंच एसएसडीवर ठेवणं कुठल्या कारखान्याला परवडत नाही. म्हणून वर काय ठेवायचं आणि खाली काय, हे ठरवणारी एक प्रणाली आम्ही बसवून घेतली. ती माणसांना विचारत नाही. दिवसभर कोण काय उघडतं ते बघत राहते. सारखं हाताळलं जातं ते तिच्या भाषेत गरम, कुणी फिरकत नाही ते थंड. रोज पहाटे ती गरम वर चढवते आणि थंड खाली उतरवते. नवं काही आलं तर तेही आधी वरच ठेवते. स्वयंपाकघरात मीठ-तिखट ओट्यावर आणि करंज्यांचा साचा माळ्यावर असतो, तसंच. फरक एवढाच की इथं माळ्यावर काय टाकायचं ते घरच्या बाईच्या हातात नसतं.

एक गोष्ट लोकांना समजावता समजावता माझे केस पिकले. खाली गेलेली फाइल पुसली जात नाही. ती तिथंच असते, अख्खी, एक अक्षर न हलता. पहिल्यांदा उघडायला तेवढा वेळ लागतो. पण दम कुणाला निघत नाही. स्क्रीनवर चक्र फिरायला लागलं की लगेच मला फोन. ‘मॅडम, माझी फाइल गेली.’ ‘गेली नाही हो. थांबा जरा. येतेय.’ झोपेत उठवलं तरी मी हेच म्हणेन.

तर त्या दिवाळीच्या तोंडावर सुरक्षा विभागाचं कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र बिघडलं आणि दुरुस्तीला पुण्याला गेलं. आमचे प्लँटहेड, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, ते म्हणाले, सुट्टीत कॅमेरे बंद नकोत, तेवढ्यापुरतं रेकॉर्डिंग आपल्या मोठ्या सर्व्हरवर घ्या. घेतलं. जागा भरपूर होती. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसलं नाही. माझं लक्ष धड कशातच नव्हतं तेव्हा.

वसुबारसेला सगळे गेले. मिठाईचे खोके घेऊन, एकमेकांच्या गाड्यांना वाट देत, ‘या फराळाला’ म्हणत गेले. दुसऱ्या दिवसापासून मी एकटी. सकाळी स्कूटीवरून यायचं, वॉचमननं हात वर करायचा, मी मान हलवायची, की दिवसभराचं बोलणं तिथं संपलं. लेथ बंद, क्रेन बंद, कॅन्टीनच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या. यंत्रांचा आवाज थांबला की एमआयडीसीत पाखरं किती आहेत ते कळतं. सर्व्हरच्या खोलीशेजारी माझं काचेचं केबिन आहे. तिथं मी शाल घेऊन बसायची, कारण एसी माणसांसाठी नसून सर्व्हरसाठी असतो. शेजारणींनी दिलेल्या चकल्या डब्यात असायच्या. दोन खाल्ल्या की पुढची खायची इच्छा मरायची.

आणि मी ताईला ऐकत बसायची.

त्याचं असं होतं. गायनमंडळात नव्या मुली आल्या की त्यांना दुसरा आवाज जमत नसे. म्हणून ताईनं एकेका कॅरलचा नुसता दुसरा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवला होता, मुलींनी घरी ऐकून पाठ करावा म्हणून. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गायली होती ती. घरचा संगणक एकदा डिस्कसकट बसला, तेव्हापासून माझा घरच्या कुठल्याच वस्तूवर विश्वास राहिला नाही. मी त्या फाइली कारखान्याच्या सर्व्हरवर माझ्या जागेत टाकल्या. फोल्डरला नाव दिलं ‘ताई’. कामाच्या सर्व्हरवर घरचं काही ठेवू नये, ही सूचना मीच टाइप करून भिंतीवर चिकटवलेली आहे. ती माझ्या पाठीमागच्या भिंतीवर आहे, म्हणजे मला दिसत नाही.

दिवाळीभर मी त्याच फाइली लावत होते. एक संपली की दुसरी, सगळ्या संपल्या की पुन्हा पहिली. सोबत गात नव्हते. राग होता ना. पण ताई एका जागी श्वास घ्यायला थांबते, तिथं पहिल्या आवाजाची ओळ येते, आणि ती जागा दर वेळी रिकामीच जायची. पाडव्याला तिचा फोन आला. टेबलावर तो वाजत वाजत कडेपर्यंत सरकला. मी त्याला खाली पडू दिलं नाही, आणि उचललंही नाही. समोर संगणकात ती गात होती, आणि इकडे ती फोन करत होती. यातल्या एकीलाच मी उत्तर देऊ शकले असते, आणि ती सोडून मी दुसरीला ऐकत बसले. इतका वेडेपणा मी दुसऱ्या कुणात पाहिला असता तर त्याला चार शब्द सुनावले असते.

सुट्टी संपली, कारखाना उघडला, आणि चहाची वेळ व्हायच्या आत बोंब झाली.

काहीच उघडेना. म्हणजे उघडत होतं, पण तेवढ्यात माणूस स्टँडवर जाऊन यावा. पंपाचं एक पूर्ण ड्रॉइंग म्हणजे ढीगभर सुट्या भागांच्या फाइली असतात, त्या सगळ्या एकाच वेळी मागाव्या लागतात. आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी अख्खं ऑफिस एकदमच मागायला लागलं. डिझाइनचे प्रमुख तरातरा आले. मीटिंगमध्ये ते शुद्ध बोलतात, पण चिडले की गाव बाहेर येतं.

‘‘मॅडम, ड्रॉइंग उघडंना. चहा पिऊन आलो, तरी आपलं ते चक्कर फिरतंयच. खाली मशिनीवर मान्सं नुसती हुभी हायेत. फाइली गेल्या का काय?’’

‘‘गेल्या नाहीत. थांबा,’’ मी म्हटलं. पण या वेळी माझी मलाच खात्री नव्हती.

साहेबांनी सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचा पुण्यातला इंजिनियर फोनवर आला आणि त्यानं आमच्या सर्व्हरचा अहवाल भिंतीवरच्या पडद्यावर उघडला. गरम ते लाल, थंड ते निळं. आमची ड्रॉइंगं, खरेदी, स्टोअर, सगळं निळं. पार तळाला.

‘‘सर, सुट्टीत तुमच्या फाइली कुणी उघडल्याच नाहीत,’’ तो म्हणाला. ‘‘त्यामुळे त्या थंड झाल्या. आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग रात्रंदिवस येत होतं, त्यानं वरची सगळी जागा घेतली. सिस्टिमनं तिच्या परीनं बरोबर केलं. तिला दिवाळी कळत नाही.’’

‘‘म्हणजे आपल्या सगळ्यात महागड्या डिस्कवर दिवाळीभर काय होतं?’’ साहेबांनी विचारलं.

त्यानं एक रेकॉर्डिंग उघडून दाखवलं. गेट. रिकामं आवार. डिस्पॅचच्या शेडखाली झोपलेलं कुत्रं. मग स्कूटीवरून मी आले, डबा काढला, आत गेले. त्यानं दुसऱ्या दिवसाचं उघडलं. तेच आवार, कुत्रं जरा इकडे सरकलेलं, आणि मी, डबा, आत. लक्ष्मीपूजनाच्या दिवसाचंही तसंच. वरून पाहिल्यावर मी फार लहान दिसत होते, आणि चालताना उजव्या पायावर जोर देते हे मला तेव्हाच कळलं. माझे कान तापले होते.

‘‘आणि अजून एक आहे,’’ इंजिनियर म्हणाला. त्या बिचाऱ्याला आमची तोंडं दिसत नव्हती. ‘‘कॅमेऱ्यांपेक्षाही गरम. छोटंच आहे, पण सुट्टीत रोज सतत उघडलेलं. ‘ताई’ नावाचं फोल्डर. हे कुणाचं?’’

मी ‘‘थांबा’’ म्हणेपर्यंत त्यानं एक फाइल उघडली होती.

मीटिंग रूमच्या स्पीकरमधून ताई गायला लागली. त्या खोलीत एरवी उत्पादनाचे आकडे आणि साहेबांचा खोकला ऐकू येतो. तिथं तिचा तो संथ, मधला आवाज भरला. एका सुरावर थांबला, खाली उतरला, श्वासासाठी गप्प झाला, पुन्हा सुरू झाला. मग कुकरची शिट्टी झाली. जाडजूड शिट्टी, आमच्या मोठ्या कुकरचीच, त्या दिवशी पाहुणे असणार. आणि शिट्टीच्या मागोमाग माझा आवाज, लांबून, आतल्या खोलीतून ओरडलेला. ‘‘ताई, गॅस बंद कर की! वरण लागेल खाली!’’ मग खुर्ची सरकल्याचा आवाज, ताईचं हसू, आणि फाइल संपली.

माझा आवाज सगळ्यांनी ओळखला. रोज ओरडते मी त्यांच्यावर.

डिझाइनच्या प्रमुखांनी हळूच विचारलं, आणि तेव्हाही त्यांचं गावच बाहेर आलं होतं. ‘‘मॅडम, ह्ये कंचं गानं म्हनायचं? चालच कळंना.’’

‘‘नाताळचं आहे. हा दुसरा आवाज आहे. एकटा असला की कळत नाही.’’

‘‘मंग पयला कुटं हाय?’’

‘‘पहिला मी म्हणते,’’ मी म्हटलं. आणि मग म्हटलं, ‘‘म्हणत होते.’’

त्यांनी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर अजून ते लाल आणि निळं दिसत होतं. ‘‘दिवाळीभर तुमी एकट्याच ह्ये ऐकत बसल्या व्हय? आमाला सांगायचं न्हाई का?’’

‘‘काय सांगायचं होतं?’’

त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि पुन्हा खिशात घातला. माझ्या मनात त्यांच्याबद्दल इतक्या वर्षांची जी एक अढी होती, ती त्या क्षणी कुठे गेली ते मला कळलं नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी ‘बसते की’ म्हणत आले होते, आणि त्यांनी ते खरं धरलं होतं.

पुढचं कामाचं बोलणं लवकर झालं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग यापुढे थेट खालच्या डिस्कवर जाईल. ड्रॉइंगं वरच बांधून ठेवायची, म्हणजे सुट्टी असो नसो, प्रणालीनं त्यांना हात लावायचा नाही. इंजिनियरनं तिथल्या तिथं बदल केले. मग जरा चाचरत म्हणाला, ‘‘मॅडम, ते फोल्डर... खासगी दिसतंय. त्याचं काय करू? तेही वर बांधून ठेवता येईल.’’

‘‘ठेवा की,’’ साहेब म्हणाले. ‘‘एवढुसं तर आहे.’’

‘‘नको,’’ मी म्हटलं. ‘‘त्याला खाली जाऊ दे.’’

‘‘मग पुन्हा उघडाल तेव्हा वेळ लागेल हं.’’

‘‘लागू दे.’’

मी हे का म्हटलं, ते खोलीतून बाहेर पडेपर्यंत मलाही नीट ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं की आजवर मी जे सगळ्यात जास्त हाताळलं ते ताई नव्हतीच. ती फाइल होती. ताई श्रीरामपूरला होती, आणि तिला मी केव्हाची खाली ढकलून दिली होती.

कॅन्टीनच्या मागे कंपाउंडच्या भिंतीशी एक कडुलिंब आहे. भिंतीपलीकडून मनमाड रोडला लागणारा रस्ता जातो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता, उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून चालले होते. मी एका कानावर हात ठेवला आणि फोन लावला.

तो ताईनं नाही, त्यांनी उचलला.

‘‘हॅलो, सलाम, सलाम. फोन केलात, थँक्यू.’’

‘‘सलाम,’’ मी म्हटलं. आम्हा ख्रिस्ती लोकांत नमस्काराऐवजी तसंच म्हणतात. ‘‘भाऊजी, ताई आहे का?’’

‘‘आहे ना,’’ ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. ‘‘मागे आहे, कोंबड्यांना दाणे टाकतेय. थांबा हं, थांबा, ठेवू नका.’’ पहिल्यांदाच ते थँक्यू म्हणायला विसरले.

मी थांबले. त्यांच्या चपला फरशीवरून गेल्या. एक दार करकरलं. कोंबड्यांचा कलकलाट आला. ‘अगं, तिचा आहे, तिचा,’ असं काहीतरी लांबून ऐकू आलं. मग नळ सुटला, बंद झाला, हात धुतले असावेत. पुन्हा दार. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्यामागून दुसरा. मला घाई करावीशी वाटली नाही. आयुष्यभर लोकांना जे सांगत आले ते मी पहिल्यांदाच स्वतः करत होते.

‘‘काय गं?’’ ताई म्हणाली. जशी काही मी कोपऱ्यावरच्या दुकानातून विचारतेय, कांदे किती आणू.

‘‘पहिला आवाज मिळाला का तुम्हाला कुणी?’’

‘‘आल्या होत्या दोघीजणी विचारायला.’’

‘‘मग?’’

‘‘पाळकांना सांगितलं मी, ती जागा भरलेली आहे.’’

‘‘मी कुठं कळवलं होतं?’’

‘‘तू कधी कळवतेस?’’ ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. बारीक, किरट्या आवाजाची, छोट्या कुकरची. माझ्या तोंडात आलंच होतं, गॅस बंद कर की. पण तिथं कुणीतरी उठून तो बंद केला. बटण फिरल्याचा खट्ट आवाज मला इथं ऐकू आला. त्या घरात आता ते काम करणारं माणूस होतं, आणि ते मी नव्हते. मला ते लागलं. आजही आठवलं की लागतं.

‘‘तो मोठा कुकर न्यायचा होतास,’’ मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. ‘‘मी एकटी काय करू त्यात?’’

तिकडे ताईनं खुर्ची ओढली.

‘‘तो मुद्दाम ठेवला होता मी तुझ्याकडे,’’ मग म्हणाली. ‘‘आम्ही दोघं येऊ, तू बोलावशील जेवायला, तर तिघांचं छोट्यात होणार नाही म्हणून. तू बोलावलंसच नाहीस.’’

कडुलिंबाच्या पारावर मी खाली बसले. कॅन्टीनमधून कुणीतरी मला हाक मारत होतं, बहुतेक ड्रॉइंगं उघडायला लागल्याचं सांगायला. मी हात हलवून त्यांना थांबायला सांगितलं. ताईनं फोन ठेवला नाही. ती पलीकडे तशीच थांबून राहिली.

‘‘आहेस ना गं?’’ खूप वेळानं तिनं विचारलं.

‘‘आहे,’’ मी म्हटलं. ‘‘नाताळला येते. पण त्याआधी या रविवारी तुम्ही दोघं जेवायला या. आणि भाऊजींना विचार, वरण कसं लागतं त्यांना, पातळ की घट्ट.’’